सहा-दहाची गाडी

कडुलिंब फुलला की मला घड्याळं आठवतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला दर वर्षी विचारते. पण जुळे सोलापुरात आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी स्कूटर लावली, सकाळी सीटवर त्या बारीक पांढऱ्या फुलांचा सडा दिसला आणि तो थोडा कडू, थोडा गोड वास आला, की माझी नजर मनगटाकडे जाते. आणि वाजले किती, यापेक्षा कुणाच्या घड्याळात वाजले, हा प्रश्न मला आधी पडतो.

ते सगळं अशाच एका मार्चअखेरीला झालं. ऊन तापायला लागलं होतं, पण अजून दुपारी बाहेर पडता येत होतं. ऑफिसात जो तो हिशेबाच्या गडबडीत होता. मला मात्र हिशेबाशी काही देणंघेणं नव्हतं. मी नेटवर्कचं काम करते. टॉवेल बनवणाऱ्या एका कंपनीनं मला एक काम दिलं होतं, आणि ते ऐकायला इतकं सोपं होतं की मी चहा संपायच्या आत हो म्हणून बसले.

काम असं होतं. कंपनीचं हेड ऑफिस शहरात, कारखाना अक्कलकोट रोडला एमआयडीसीत. हेड ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर विंडोजवर. तिथं एक डिरेक्टरी होती, म्हणजे कोण माणूस, त्याचा पासवर्ड काय, त्याला कुठली फाईल उघडता येते आणि कुठली नाही, याची सगळी नोंद सांभाळणारी यंत्रणा. कारखान्यात टॉवेलांची डिझाइनं काढायचे कॉम्प्युटर लिनक्सवर, आणि त्यांची डिरेक्टरी वेगळी. एकाच कंपनीची माणसं, पण इकडच्या मशीनला तिकडचा माणूस परका. मालकांना हेड ऑफिसातून डिझाइनं बघायची असली की पेन ड्राइव्ह घेऊन कुणीतरी रिक्षानं यायचं. मला या दोन डिरेक्टऱ्या एकमेकींना जोडून द्यायच्या होत्या. एका माणसाला एक नाव, एक पासवर्ड, आणि दोन्हीकडे ओळख.

कारखान्यातला पहिला दिवस मला वासानं आठवतो. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, त्यात ब्लीचिंगचा झणझणीत वास, आणि दार उघडलं की मागांचा असा आवाज की बोलणारा माणूस नुसता तोंड हलवतोय असं वाटायचं. हवेत कापसाचे तंतू तरंगायचे आणि संध्याकाळी माझ्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. डिझाइनच्या खोलीत मात्र शांतता असे. तिथं अंबादासअण्णा बसायचे. भवानी पेठेतलं विणकरांचं घर, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही. हातमागापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं ते याच गावात शिकलेले. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, जोडा काय जोडायचं ते. पर माजं मशीन बंद पडलं तर मी तुमाला हितंच बसवून ठेवीन."

मशीन बंद पडलं नाही. जोडणीच होईना.

दोन डिरेक्टऱ्या एकमेकींवर विश्वास कशा ठेवतात, ही मला या धंद्यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. एक डिरेक्टरी माणसाला ओळखून एक तिकीट देते. ते तिकीट दुसरीकडे दाखवलं की दार उघडतं. या पद्धतीला परदेशातल्या कुठल्याशा जुन्या कथेतल्या, दाराशी बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं नाव दिलंय. मी हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "तीन तोंडं हायत तर वळखत का न्हाय मग?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. नावं तपासली, पासवर्ड तपासले, केबल बदलली. इकडून तिकीट निघत होतं, तिकडे नाकारलं जात होतं. मी घरी जाऊन जेवताना गप्प बसायला लागले, आणि आईला वाटलं माझं ऑफिसात कुणाशी तरी भांडण झालंय.

मग एका दुपारी डिझाइनच्या खोलीत डबा खाताना माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली, तिथून अण्णांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली, आणि तिथून माझ्या मनगटावर आली. भिंत आणि स्क्रीन यांचं एकमत होतं. मी एकटी दहा मिनिटं मागं होते.

"अण्णा, तुमचं घड्याळ पुढं आहे."

"पुढंच असतंय की ते," अण्णा लोणच्याची फोड चोखत म्हणाले. "कंपनी टायम हाय."

त्या तिकिटावर वेळ टाकलेली असते. चोरलेलं तिकीट कुणी नंतर वापरू नये म्हणून. दोन मशीनच्या वेळेत थोडाफार फरक चालतो, पण दहा मिनिटांचा चालत नाही. हेड ऑफिसला वाटत होतं की ही कारखान्याची मशीनं कुठल्यातरी पुढच्या काळातून बोलताहेत, आणि अशा मशीनवर भरवसा ठेवायचा नाही हे त्याला शिकवलेलं होतं. मी डबा तसाच ठेवून हसत सुटले. इतके दिवस मी नावांत आणि केबलींत बोट घालून शोधत होते, आणि गोम भिंतीवर टांगलेली होती.

आणि मग माझी नेहमीची खोड जागी झाली. काम मिळालं की ते करून मोकळं व्हावं हे मला जमत नाही, ते तसं का झालं हे विचारत फिरायला लागते. हा कंपनी टायम कुणी सुरू केला? अण्णा म्हणाले, मी आलो तेव्हापासनं हाय. त्यांच्या आधीच्या मास्तरांनाही तो तसाच मिळालेला. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, माणसं वेळेवर यावीत म्हणून. पॅकिंगमधले एक चाचा म्हणाले, "वो पहले मिलों के भोंगे होते थे ना, उसके हिसाब से होगा." पण कुठल्या गिरणीचा भोंगा, ते त्यांनाही सांगता येईना. अंगठा लावायचं हजेरीचं मशीन, भिंतीवरची घड्याळं, सुटायचा भोंगा, डिझाइनचे कॉम्प्युटर, सगळं एकदिलानं दहा मिनिटं पुढं. तरण्या पोरांचे मोबाईल बरोबर वेळ दाखवायचे, पण ते फाटकावरच्या कपाटात जमा करावे लागत, आणि पोरं 'मोबाईल टायम' आणि 'कंपनी टायम' अशी मनातल्या मनात वजाबाकी करून मोकळी होत. कुणालाही यात वावगं वाटत नव्हतं.

खरं तर मलाही का वाटावं? आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ माझ्या लहानपणापासून पुढं आहे. वडील रिटायर झाले, त्यांना आता कुठं पोचायचं नाही, तरी ते पुढंच आहे. मैत्रिणीच्या घरी पाच मिनिटं, आत्याकडे पंधरा. सगळ्यांना माहीत असतं की ते पुढं आहे, तरी त्याच्याकडे बघून सगळे धावतात. स्वतःला रोज फसवायचं आणि रोज फसायचं, ही कला आपण कुठून शिकलो कोण जाणे. आणि ज्याला आपण बरोबर वेळ म्हणतो ती तरी इथली कुठं आहे? ती दूर पूर्वेकडच्या एका रेषेवरची. सोलापुरात सूर्य डोक्यावर येतो तो बारा वाजून गेल्यावर जवळपास अर्ध्या तासानं. म्हणजे आकाशातल्या हिशेबानं आपण सगळेच पुढं पळतोय. बरोबर वेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून मान्य केलेली वेळ, एवढंच. मला हे त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळलं आणि नंतर कितीतरी दिवस मी भेटेल त्याला पकडून हे सांगत होते.

पण डिरेक्टऱ्यांना तत्त्वज्ञान चालत नाही. ठरलं की कारखान्याची सगळी घड्याळं हेड ऑफिसच्या वेळेला लावायची. हजेरीचं मशीनही नव्या डिरेक्टरीला जोडायचं. मॅनेजर हिरेमठ साहेबांनी नोटीस लावली: सोमवारपासून घड्याळं बरोबर, शिफ्ट नेहमीप्रमाणे नऊ ते सहा. मी सगळ्या खात्यांत फिरून विचारलं की कुणाची काही अडचण? कुणाची नव्हती.

टॉवेल तपासायच्या टेबलाशी मी रेणुकाताईंनाही विचारलं होतं. वय माझ्याएवढंच असेल, पण तिथं सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. अक्कलकोटच्या बाजूला एका गावाबाहेरची वस्ती, घरात कन्नड. नवरा ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर घेऊन बाहेर, घरी सासू आणि चौथीतली मुलगी. त्या टॉवेल दिव्यासमोर धरत, एकदा इकडून, एकदा तिकडून बघत आणि सुटलेला धागा बोटानं दाखवत. नव्या डिरेक्टरीत मी तपासणीच्या बायकांचीही नावं घालत होते, कारण आता त्यांना स्क्रीनवर नोंद करायची होती.

"माजं नाव कॉम्प्युटरात घातलं?" त्यांनी विचारलं.

"घातलं की. तुमचा पासवर्ड तुम्हीच ठरवायचा. मलासुद्धा सांगायचा नाही."

हे त्यांना भारी आवडलं. "घरात मी कुनाची सून हाय, कुनाची आई हाय," त्या म्हणाल्या. "हितं आपली रेणुका." मग मी घड्याळांचं विचारलं. "माजं काय न्हाय, मॅडम. सहाला सुटायचं न्हवं? माजी गाडी सहा-धाची हाय. मिळती." मी पुढच्या टेबलाकडे वळले.

सोमवारी दुपारी जोडणी झाली. मालकांनी हेड ऑफिसात बसून कारखान्यातलं मोरपिशी किनारीचं डिझाइन उघडलं आणि फोनवर मला शाबासकी दिली. अण्णांनी चहा मागवला आणि म्हणाले, "वळखलं बाबा शेवटी." संध्याकाळी मी खुशीत स्कूटर काढली तर फाट्यावरच्या एसटी थांब्यावर रेणुकाताई उभ्या होत्या. हातात डब्याची पिशवी, कानाला बटणांचा साधा फोन. "बर्तीनी अत्ती, बर्तीनी," त्या सासूला सांगत होत्या, येते, येते. सूर्य टेकला होता.

"गाडी आली नाही?"

"सहा-धाची अजून आली न्हाय बघा."

शेजारचा पानटपरीवाला आतून म्हणाला, "सहाची गाडी सहालाच गेली की ताई. आज तुमी दिसला न्हाय."

मला कळायला एक क्षण लागला. त्या फोनमधलं घड्याळही अण्णांनी कधीतरी लावून दिलेलं, कंपनी टायमाचं. एसटीच्या पाटीवर जी गाडी सहाची, ती रेणुकाताईंच्या आयुष्यात पहिल्या दिवसापासून सहा-दहाची होती. भोंगा झाला की निघायचं, चालत फाट्यावर यायचं, गाडी यायची. त्यांनी ती वेळ कधी पाटीवर वाचली नव्हती, कारण ती कधी चुकली नव्हती. आता शिफ्ट खऱ्या सहाला सुटली आणि गाडी खऱ्या सहाला निघून गेली. पुढची गाडी पार अंधार पडल्यावर.

त्यांना मी जमेल तसं समजावलं. त्या ऐकत राहिल्या. मग रागानं नाही, खरोखर न उमजून म्हणाल्या, "घड्याळ तर तुमी आजच बरोबर केलं, मॅडम. मग माजी गाडी कशी चुकली?"

मी त्यांना स्कूटरवर मागं बसवलं. रस्त्याच्या कडेला ज्वारीची कापलेली रानं, कडब्याच्या गंजी, आणि कडुलिंबाचा तोच वास, वाऱ्यावर मध्येच येणारा. त्यांच्या फाट्यावर सासूबाई नातीचा हात धरून उभ्या होत्या, आणि अजून अंधार नीट पडायचा होता तरी बॅटरी लावलेली होती. त्या सुनेला कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या, फार वेळ नाही. मग माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बाई, कामाला आमी पाटवतो. पर ह्या रानातनं अंधारात एकटी बाई चालत न्हाय येत. रोज तू सोडणार हायस का?"

मी रोज सोडू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या आधी निघाल्या तर हजेरीच्या मशीननं त्यांचा अर्धा दिवस कापला. तिसऱ्या दिवशी त्या अंधारात घरी पोचल्या. त्यानंतर टेबलाशी आल्या तेव्हा टॉवेल दिव्यासमोर धरून म्हणाल्या, "शनवारपर्यंत येनार मी. अत्ती म्हनल्या, बास झालं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं. जी बाई आठवड्यापूर्वी आपलं नाव कॉम्प्युटरात बघून हसली होती, तिचं नाव मलाच तिथून काढावं लागणार होतं.

मी हिरेमठ साहेबांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. मी म्हटलं, कारखान्याची शिफ्ट आठ-पन्नास ते पाच-पन्नास अशी करून द्या. ते चष्म्यावरून बघत राहिले. "पाच-पन्नास ही काय सुटायची वेळ झाली? सगळीकडे नऊ ते सहा असतं."

"साहेब, आपल्याकडे इतकी वर्षं पाच-पन्नासलाच सुटत होतं. सकाळी आठ-पन्नासलाच भरत होतं."

"छे. आपली शिफ्ट सहालाच सुटते. मी स्वतः बघतो."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी रोज बघितलं होतं, त्याच भिंतीवरच्या घड्याळात. मी हेड ऑफिसला सांगा म्हटलं तर म्हणाले, काय सांगू, की आमचा कारखाना वेगळ्या वेळेत चालत होता? लोक हसतील. मी खाली आले आणि जिन्यातच थांबले. मला राग आला होता. आणि खोटं कशाला बोलू, रागात थोडी गंमतही वाटत होती, कारण इतका स्वच्छ हिशेब मला कुणाला पटवून देता येत नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी लवकर पोचले. फाटकाबाहेर सगळा कारखाना उभा होता. आठवडा संपत आला तरी माणसांचे पाय जुन्या वेळेलाच निघत होते. बायका कट्ट्यावर बसून कैरीला मीठ लावून खात होत्या, अण्णा कुणाची तरी थट्टा करत होते, आणि नऊ वाजायची वाट बघत सगळे दहा मिनिटं नुसते उन्हात. एवढ्यात हिरेमठ साहेबांची गाडी आली. ती बाजूला थांबली, पण साहेब उतरले नाहीत. आतच बसून फोन बघत राहिले. मी जाऊन काचेवर टकटक केलं.

"साहेब, आज लवकर?"

"लवकर कुठं? मी रोज याच वेळेला येतो."

मी माझं मनगट त्यांच्यासमोर धरलं, आठ-पन्नास. त्यांनी गाडीतल्या, अजून कंपनी टायमावरच असलेल्या घड्याळाकडे पाहिलं, मग फाटकाबाहेरच्या गर्दीकडे, मग परत घड्याळाकडे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि ते मोठ्यानं हसले. फाटकावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

"म्हणजे आपण सगळेच," ते म्हणाले.

"सगळेच," मी म्हटलं.

"हेड ऑफिसला काय लिहू मग?"

"नवीन काही नाही. जे चालत आलंय तेच लिहायचं, फक्त खऱ्या आकड्यांत."

त्यांनी गाडीत बसल्या बसल्याच फोन लावला. हेड ऑफिसात थोडं हसले असावेत, पण हो म्हणाले. त्याच दिवशी मी डिरेक्टरीत कारखान्याच्या शिफ्टची वेळ बदलली. पाच-पन्नासला भोंगा झाला तेव्हा मी मुद्दाम फाटकावर उभी राहिले. रेणुकाताई बाहेर पडल्या, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि फाट्याकडे चालत गेल्या. त्या चालत गेल्या, पळाल्या नाहीत, हे बघून माझा जीव भांड्यात पडला.

आता मी दुसऱ्या कामांवर असते. कुठं हॉस्पिटल, कुठं साखर कारखाना, सगळीकडे दोन यंत्रणांना एकमेकींची ओळख करून द्यायची. तिथं गेले की मी आधी भिंतीवरची घड्याळं बघते. लोकांना वाटतं मला घरी जायची घाई आहे. मला मात्र हे बघायचं असतं की इथली माणसं कुठल्या वेळेत राहतात आणि मी ती वेळ बदलली तर कुणाची गाडी चुकेल. कुठल्या कोर्समध्ये हे शिकवत नाहीत. शिकवलं असतं तरी मी लक्ष दिलं नसतं म्हणा.

त्या वर्षी कडुलिंबाची फुलं संपून हिरव्या निंबोळ्या धरल्या होत्या, तेव्हा मी कशाला तरी परत कारखान्यात गेले. रेणुकाताई टेबलाशीच होत्या. मी विचारलं, घरी आता सगळं ठीक?

"ठीक म्हंजे," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या शुक्रवारी घरी गेले तर अत्तींचं तेच. म्हनल्या, आज मिळाली गाडी, उद्याचं काय. मग मी एक केलं. घरचं घड्याळ बी कंपनी टायमालाच होतं, म्या कामाला लागले तवापासनं. अत्ती शेजारी गेल्या तशी स्टुलावर चढले आनि तेबी बरोबर करून टाकलं."

"मग?"

"मग काय. गाडी तीच, रस्ता तोच, पाय बी माजेच. पर दुसऱ्या दिवशी अत्तींनी घड्याळ बघितलं आनि म्हनल्या, आता धा मिन्टं लवकर याय लागलीस की. जा म्हनल्या कामाला. शेजारनीला बी सांगून आल्या, आमच्या सुनंला कंपनी लवकर सोडती म्हनून."

मी हसत राहिले. "अजून सांगितलं नाही त्यांना?"

रेणुकाताईंनी टॉवेल झटकला, दिव्यासमोर धरला, एकदा इकडून बघितला, एकदा तिकडून.

"सांगीन की," त्या म्हणाल्या. "घाई काय हाय."